फ्लाइंग स्कॉट्समन बघायला गेलो आणि चाळीस फोटोंत नुसता धूर

सई_लीड्स
हार्ड डिस्क आवरताना ३१ मार्च २०१७ चा फोल्डर सापडला आणि जुनं दुखणं वर आलं. म्हणून हा धागा.

आधी थोडं सांगते. इंग्लंडच्या उत्तरेला सेटल-कार्लाइल ही डोंगरातून जाणारी लाइन आहे. ईडन नदीच्या काठाची दरड सरकली म्हणून २०१६ च्या फेब्रुवारीत ॲपलबीच्या पुढचा भाग बंद पडला, तो वर्षभराने उघडला. उघडण्याच्या दिवशी खास गाडी सोडली, ओकवर्थ ते कार्लाइल, आणि पुढे वाफेचं प्रसिद्ध इंजिन फ्लाइंग स्कॉट्समन. आम्ही लीड्सला राहतो, रिबलहेडचा पूल तिथून गाडीने दीडेक तास. शुक्रवार होता. नवऱ्याने रजा टाकली, मी टाकली. आई साताऱ्याहून आलेली होती, तिला दोन स्वेटर, कोट आणि वरून माझी शाल असं गुंडाळून नेलं.

पूल चोवीस कमानींचा, ४०० मीटर लांब, मधोमध ३२ मीटर उंच. खाली उघडा माळ, गवत, मेंढ्या. त्या दिवशी मेंढ्यांपेक्षा माणसं जास्त होती. एकेकाच्या कॅमेऱ्याची लेन्स आमच्या कुकरएवढी. तीन तास वाऱ्यात उभे राहिलो. मग लांबून शिट्टी ऐकू आली, सगळी गर्दी एकदम चिडीचूप, इंजिन पुलावर आलं, आणि वाऱ्याने सगळा धूर खाली पाडून नेमका आमच्या बाजूला आणून टाकला. पहिल्या फोटोत बफर आहेत. पुढचे चाळीस पांढरे. शेवटच्या दोनांत मागचे डबे.

तर प्रश्न असा. अशा वेळी तुम्ही कॅमेरा उचलता की नुसतं बघता? कारण आता ते इंजिन आठवायला गेलं की मला व्ह्यूफाइंडरची चौकटच आठवते, इंजिन आठवत नाही.

चहाबाज
धूर तर आला ना? मग पैसे वसूल. विजेच्या गाडीचे चाळीस फोटो काढून तेवढाही आला नसता.

मिलिमीटर
ताई, राग मानू नका, पण उभं राहण्याची जागा चुकली. वाफेच्या इंजिनाला सूर्य पाठीशी हवा आणि वाराही पाठीशीच हवा, म्हणजे धूर आपल्यापासून पलीकडे जातो. दोन्ही एका बाजूला फारसे मिळत नाहीत. मग मी सूर्य सोडतो आणि वारा धरतो. उजेड कमी पडला तर नंतर काही करता येतं, धुरामागचं इंजिन परत आणता येत नाही.

दुसरं, चाळीस फोटो म्हणजे मशीनगन झाली. एका कमानीवर आधीच फोकस लावून कुलूप घालायचं, इंजिन तिथे आलं की तीन फोटो, संपलं. कॅमेरा खाली करून बाकीची गाडी डोळ्यांनी बघायची. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'दोन्ही'. थंडीचे दिवस निवडलेत ते मात्र बरोबर. हवा गार असली की वाफेचे बारीक थेंब होऊन ती पांढरीशुभ्र दिसते, उन्हाळ्यात तीच वाफ जवळजवळ दिसतच नाही.

खडूस
हे जगातलं सगळ्यात वेगवान वाफेचं इंजिन ना? मग फोटोत सापडलं नाही यात ताईंचा काय दोष!

दुवा_अकरा
@खडूस, ते मॅलार्ड. ३ जुलै १९३८, ताशी १२६ मैल. दोन्ही इंजिनं नायजेल ग्रेस्ली या इंजिनिअरचीच म्हणून लोकांचा घोळ होतो. स्कॉट्समनच्या नावावर आहे तो पहिला अधिकृतरीत्या नोंदलेला १०० मैलांचा वेग, ३० नोव्हेंबर १९३४.

आणखी एक घोळ होतो. फ्लाइंग स्कॉट्समन नावाची गाडीही आहे. लंडन-एडिनबरो ही सकाळी दहाची गाडी १८६२ पासूनची. इंजिन १९२३ मध्ये डॉनकास्टरला बनलं, तेव्हा त्याला नुसता १४७२ हा नंबर होता. १९२४ ला वेम्बलीच्या प्रदर्शनात ठेवायचं म्हणून गाडीचं नाव इंजिनाला दिलं आणि नंबर झाला ४४७२. सईताईंनी पाहिलं तेव्हा त्यावर ६०१०३ असणार.

१ मे १९२८ ला हे इंजिन लंडनहून ३९२ मैल कुठेही न थांबता एडिनबरोला गेलं. आठ तास ड्रायव्हर-फायरमनच्या एकाच जोडीने इंजिन चालवणं, कोळसा मारणं शक्य नव्हतं. म्हणून टेंडरमधून, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यातून, एक बोळ काढला होता, पाच फूट उंच आणि दीड फूट रुंद. अर्ध्या वाटेवर दुसरी जोडी डब्यातून त्या बोळातून वाकून पुढे यायची आणि पहिली मागे जाऊन बसायची. पाणी रुळांच्या मधल्या लांब हौदातून चालत्या गाडीत उचलायचे.

चहाबाज
दीड फूट रुंद? म्हणजे आमच्या ड्रायव्हरला घेतलं असतं तर गाडी यॉर्कलाच थांबवावी लागली असती.

पिंपळपान
मी जरा वेगळं बोलतो. २००४ मध्ये हे इंजिन यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने २३ लाख १० हजार पौंडांना घेतलं. मग २००६ ते २०१६ दहा वर्षं दुरुस्ती चालली, ४२ लाख पौंड गेले. त्यात इतके भाग बदलले की मूळ १९२३ चं किती उरलं हा प्रश्नच आहे. १९४७ मध्येच त्याला वेगळा बॉयलर बसवून वेगळ्या वर्गात टाकलं होतं. शिवाय कोळसा जाळायचा, आणि तो जळताना बघायला शेकडो लोकांनी मोटारी काढायच्या. संग्रहालयात उभं करा की. यॉर्कला तिकीटसुद्धा लागत नाही. कौतुक कशाचं आहे ते समजून घ्यायचंय, खरंच.

कुर्डुवाडीकर
पिंपळपान, आमच्या गावच्या रथाची चाकं माझ्या डोळ्यांदेखत दोनदा बदलली. आस एकदा बदलला. कळस वडिलांच्या वेळी नवा केला. रथ कुठलाय म्हणून विचारा गावात, कुणीबी सांगंल, हाय तोच हाय. उभा केलेला रथ बघायला कुत्रं जात नाही, वढायच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसती. तसंच ते.

सईताई, तुम्ही लीड्सला राहता म्हणून सांगतो. आमच्या बार्शी लाइटची पहिली इंजिनं तुमच्या लीड्सच्या किट्सन कारखान्यातनं आली. १८९७ ला कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली, कॅलथ्रॉप म्हणून इंजिनिअर होता त्यानं अडीच फुटी रूळ टाकून दाखवला. पुढं मिरजेपासून लातूरपर्यंत पसरली. वारीच्या दिवसांत पंढरपूरला डबे कमी पडायचे, मालाच्या वाघिणीत माणसं, टपावर माणसं. चढाला इंजिन दमलं की पोरं खाली उतरून बोरं वेचून परत चढायची. खोटं वाटंल, पण मी त्यातलाच एक पोर. फोटो एकबी नाही आमच्याकडं. कॅमेरा कुणाकडं होता?

ठाणेकर_अप_स्लो
@कुर्डुवाडीकर +१. दिल्लीची फेअरी क्वीनसुद्धा लीड्सचीच, १८५५ ची, आणि तिच्याही कारखान्याच्या नावात किट्सन आहे. आपल्या १८५३ च्या बोरीबंदर-ठाणे गाडीची इंजिनं मात्र न्यूटन-ल-विलोजच्या व्हल्कन फाउंड्रीतली. सईताई, मॅंचेस्टरच्या पुढे लिव्हरपूलकडे गेलात तर ते गाव वाटेतच लागतं, आमच्या ठाण्यातर्फे नमस्कार करा.

खडूस
ठाणेकर आले म्हणजे आता डेक्कन क्वीन येणार. आधी तिलाही वाफेचंच इंजिन होतं, हे मीच सांगून टाकतो.

ठाणेकर_अप_स्लो
नव्हतं. १ जून १९३० पासून विजेवरच. इनो घ्या.

दौंडची_लेक
बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते.

माझे वडील रेल्वेत फायरमन होते, इंजिनात कोळसा मारायचे. आमच्या घरात वाफेच्या इंजिनाचं कौतुक कुणालाच नव्हतं. दादा ड्यूटीवरून आले की आधी मोरीत जायचे, आणि पाणी काळं निघायचं थांबलं की मग जेवायला बसायचे. बेलच्याने उजव्या तळव्याला घट्टा पडला होता, तो शेवटपर्यंत गेला नाही. मे महिन्यात समोर भट्टी, पाठीवर ऊन. एका बाजूने भाजायचं आणि दुसऱ्या बाजूने वाराच लागायचा नाही. डिझेलवर बदली झाली त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले. अख्ख्या चाळीत. मी लहान होते, मला वाटलं बढती मिळाली.

म्हणून असे फोटो पाहिले की मला पहिल्यांदा दिसतं ते कॅबमधलं माणूस. तिकडे आता ते काम करायला माणसं हौसेने पुढे येतात असं ऐकते. दादांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, त्यांना म्हणावं या एकदा दौंडला.

पण तरीही एक सांगते. निवृत्तीनंतर आम्ही कुठेही गेलो आणि गाडी सुटताना दिसली की दादा मधेच बोलायचे थांबायचे. शिट्टी होईपर्यंत. डिझेलची असली तरी.

चहाबाज
दौंडच्या ताई, मघाचा ड्रायव्हरचा विनोद मागे घेतो.

दौंडची_लेक
नका घेऊ. दादा हसले असते. त्यांचेही एक ड्रायव्हर चांगले भरभक्कम होते.

सई_लीड्स
दौंडची_लेक, तुमचं वाचून आईची एक गोष्ट आठवली, ती मी विसरूनच गेले होते. गाडी जवळ आली तेव्हा आईने शालीचं टोक ओढून डोळ्यांवर धरलं. मला वाटलं थंडी वाजतेय. नंतर म्हणाली, "अगं, कोळशाची कणी जाते ना डोळ्यात." लहानपणी खिडकीत बसायला मिळायचं ते याच अटीवर, म्हणे, की इंजिनाकडे तोंड करायचं नाही. मला ते माहीतच नव्हतं. मी डोळा कॅमेऱ्याला लावून उभी, ती डोळे झाकून उभी, म्हणजे घरातल्या कुणीच नीट पाहिलं नाही असं दिसतंय.

@पिंपळपान, यॉर्कचं संग्रहालय बघितलंय, दोनदा. तिथे गेलं की माणूस पाटी वाचतो. माळावर वाचायला पाटी नसते, एवढाच फरक मला सांगता येईल. मोटारींचा मुद्दा मान्य. आम्हीही मोटारनेच गेलो होतो.

हर्टफर्डचा_बंड्या
धागा उशिरा पाहिला. मी २५ फेब्रुवारी २०१६ चा साक्षीदार. दुरुस्तीनंतरची पहिली मोठी फेरी, लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनापासून यॉर्क. वेल्विनच्या पुलाजवळ जागा धरली होती, चाळीस कमानी, वर येणारा-जाणारा असे दोनच मार्ग. इंजिन पलीकडच्या मार्गावरून आलं आणि त्याच क्षणी अलीकडून लोकलगाडी. माझ्याकडे लोकलगाडीच्या खिडकीतल्या एका बाईंचा अत्यंत स्पष्ट फोटो आहे. त्या पेपर वाचत होत्या.

याला इथले फोटोवाले 'बोल्ड झालो' म्हणतात. खरंच, क्रिकेटमधलाच शब्द. शेजारचे आजोबा माझ्याकडे बघून नुसतं "बोल्ड" म्हणाले आणि थर्मास उघडला. परक्या देशात आपलेपणा वाटण्याचे जे दोनतीन प्रसंग आले त्यातला हा एक.

त्याच दिवशी पुढे सेंट निओट्सजवळ लोक सरळ रुळांवर उतरले आणि गाडी थांबवावी लागली. मागच्या गाड्याही लटकल्या. आपल्याकडे रुळांवर सेल्फी काढणाऱ्यांना आपण शिव्या घालतो. तिथे टाय लावलेले साठीचे गृहस्थ होते हो.

मिलिमीटर
बंड्या, लोकलगाडीचं प्रकाशचित्र टाका ना. आमच्यासाठी तोच दुर्मिळ.

हे रुळांवर उतरणं मात्र हसण्यावारी नेऊ नका. लांब लेन्समधून येणारी गाडी किती जवळ आलीय हे कळत नाही, आणि दुसऱ्या मार्गावरून येणारी विजेची गाडी आवाजच करत नाही. मी नेहमी कुंपणाबाहेर राहतो. शिडी नेतो, दोन पायऱ्यांची.

खडूस
पुणेकर शिडी घेऊन फिरतो. चित्र डोळ्यापुढे आलं.

नेरळची_पुतळा
माझाही अनुभव. सगळं जमवून गेलो, स्टेशनावर तीनशे माणसं, आणि आलं काय, तर डिझेल. मागे तेच जुने डबे. कडक उन्हाळा होता, ठिणगी उडून कडेचं गवत पेटेल म्हणून वाफेचं इंजिन ऐनवेळी काढून टाकलं होतं. कारण पटलं. पण कळवायचं काम ज्यांचं होतं त्यांनी ते कुणालाच कळवलं नव्हतं. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा. त्याने डिझेलला टाटा केला, वर मलाच समजावलं, "आई, इंजिनला ताप आला असेल."

दुवा_अकरा
उन्हाळ्यात असं होतंच. शिवाय वाफेचं इंजिन पुढे असलं तरी बऱ्याचदा शेवटी एक डिझेल जोडलेलं असतं. मध्ये बंद पडलं तर मुख्य लाइन अडकून पडू नये म्हणून. फोटोवाले त्याच्यावर खार खातात. पाण्याचाही प्रश्न असतोच. रुळांमधले ते हौद कधीच गेले, आता ठरलेल्या जागी थांबून टँकरने भरतात.

१९६६ मध्ये यावर उपाय म्हणून तेव्हाचे मालक ॲलन पेग्लर यांनी नुसत्या पाण्यासाठी दुसरं टेंडर जोडलं होतं. तो माणूसही भारी. १९६३ ला इंजिन भंगारात जाणार होतं, ते त्यांनी ३००० पौंडांना घेतलं. १९६९ ला अमेरिकेला नेलं, तिथे त्याला घंटा बसवली, गाई बाजूला सारायची जाळी बसवली. आणि १९७२ मध्ये दिवाळं निघालं. इंजिन सॅन फ्रान्सिस्कोत अडकलं आणि मालक बोटीवर प्रवाशांची करमणूक करून भाड्याची सोय करत घरी आले. पुढच्या वर्षी विल्यम मॅकअल्पाइन यांनी इंजिन सोडवून पनामा कालव्यातून परत आणलं.

कुर्डुवाडीकर
हौसेला मोल नसतं म्हणतात. मोल असतंय, लावणाऱ्याला परवडत नाही.

पिंपळपान
कुर्डुवाडीकरांच्या रथावर दोन दिवस विचार केला. उत्तर सापडलेलं नाही. मोटारींचा मुद्दा सोडत नाही, पण बोरं वेचायचा किस्सा आणखी सांगा.

कुर्डुवाडीकर
वेगळा धागा काढतो. हितं सईताईंचा धूर चाललाय.

सई_लीड्स
एक शोध लागलाय. काल आईशी फोनवर बोलताना हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, "मी काढला होता की व्हिडिओ." तिच्या जुन्या फोनमध्ये शोधायला लावला. एक मिनिट चाळीस सेकंदांचा आहे. सगळाच्या सगळा तिच्या बुटांचा आणि गवताचा. फोन हातात लोंबत होता आणि चालू होता. मध्ये एकदा मेंढीची लेंडी दिसते.

पण आवाज! सेटलपासूनचा चढ चढून आलेलं इंजिन, आधी लांबून धडधड, मग पुलावर आल्यावर एकदम भरीव. मी दहा वेळा ऐकला. फक्त आवाज काढून खाली जोडला आहे.

दुवा_अकरा
ताई, हा खजिना आहे. हेडफोन लावून ऐका. साध्या दोन सिलिंडरच्या इंजिनाला चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके पडतात, याला तीन सिलिंडर आहेत म्हणून सहा. आणि ग्रेस्लीच्या रचनेत मधल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बाहेरच्या दोघांच्या दांड्यांवरून चालतो, त्यामुळे ठोके जरा लंगडत पडतात. म्हणूनच मोजता येतात.

पाव वेगाने वाजवून मोजले. पुलावरच्या १० सेकंदांत १२३ ठोके. म्हणजे सेकंदाला २.०५ फेरे. मोठ्या चाकाचा व्यास ६ फूट ८ इंच, म्हणजे परीघ ६.३८ मीटर. गुणाकार केला तर ताशी ४७ किलोमीटर, २९ मैल. ४०० मीटरचा पूल तीस सेकंदांत. तुमच्या हाताशी इंजिन होतं फक्त तीस सेकंद.

चहाबाज
तीन तास थांबून तीस सेकंद. पालखीच्या दर्शनाला आम्ही याहून जास्त थांबलोय आणि याहून कमी पाहिलंय.

खडूस
मी मोजले तर ११९ आले.

दुवा_अकरा
सुरुवातीचे चार शिट्टीखाली दबलेत. परत मोजा.

दौंडची_लेक
ऐकलं. ड्रायव्हरने वाफ थोडी मिटलीय, साधारण पन्नासाव्या सेकंदाला. धापेचा आवाज मऊ होतो बघा. आता फायरमन टेकला असेल.

मिलिमीटर
सईताई, वाचनखूण साठवली. फोटो डिलीट करू नका, धुरात काही ठिकाणी कमानीच्या कडा दिसतायत. मोठा आकार पाठवलात तर बघतो काय निघतं ते.

आणि शेवटी जो आवाज आहे, एक मिनिट पस्तिसाव्या सेकंदाला, तो तुमच्या आईंचा का?

सई_लीड्स
हो. "गेली? उघडू डोळे?"